गंगावन उन्हात धरून बघा: काळे केस काळे का दिसतात

भाचीच्या लग्नासाठी गंगावन घ्यायला आम्ही तिघी बेळगावच्या गणपत गल्लीत गेलो होतो. मी, भाची आणि आमची आत्या. भाचीचे केस जेमतेम खांद्यापर्यंत, आणि फोटोत वेणी हवी कमरेपर्यंत. दुकानदारानं ट्यूबलाइटखाली तीन गंगावनं पसरली. त्यातलं एक तिच्या केसांना लावून धरलं तर केस कुठं संपले नि गंगावन कुठं सुरू झालं ते कळेना. मी पर्स उघडली. तर तोच म्हणाला, "असं नको अक्का. बाहेर उन्हात धरून बघा की एकदा."

बाहेर आलो. भर दुपारचं ऊन. भाचीच्या केसांच्या कडांना तांबूस झाक उतरली होती, आणि गंगावन होतं तसंच, काळंकुट्ट, वर थोडं निळसर. आतमध्ये सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन वस्तू बाहेर एकमेकींच्या ओळखीच्यासुद्धा वाटेनात. आत्या म्हणाली, "पोरीचे केस पिंगट झालेत काय गं?" दुकानदार हसला. "पिंगट न्हाईत वो. केस काळं नसतंयच. काळं दिसतंय."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. आमचे बाबा वडगावात मागावर बसायचे. चंद्रकळेसाठी काळं सूत आलं की ते लडी उचलून दारात न्यायचे, उन्हात धरायचे, मगच ठेवून घ्यायचे. त्यांच्या हिशेबी काळा हा एक रंग नव्हताच. तांबडा काळा, निळा काळा, हिरवा काळा असे प्रकार होते आणि दोन लडींतला फरक फक्त उन्हात कळायचा. पण सूत रंगवलेलं असतं. केस तर कुणी रंगवलेले नसतात, ते उगवतातच तसे. मग त्यांच्यात हा तांबूसपणा लपलेला कुठं असतो, आणि दुकानात तो दिसत का नाही?

घरी आल्यावर मी कंगव्यातलं गुंतवळ घेतलं. (आत्याच्या लहानपणी हे गुंतवळ कौलात खोचून ठेवत आणि भांडीवाली आली की देऊन टाकत. त्याचा खरंच मोठा व्यापार आहे. आपल्याच कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला असे केस निवडायचा, विंचरायचा आणि बाहेर पाठवायचा धंदा चालतो.) त्यातला भाचीचा एक केस सोडवला आणि पांढऱ्या कागदावर चिकटपट्टीनं चिकटवला. काळी रेघ दिसली. मग तोच कागद सोडून नुसता केस खिडकीशी धरला, सूर्य पलीकडून येईल असा. रेघ तपकिरी झाली. मधाच्या बाटलीचा तळ दिसतो ना, तसा तपकिरी. तुम्हीही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त थेट सूर्याकडे टक लावू नका, डोळ्यांसमोरून जरा बाजूला धरा.

केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. वर्तमानपत्राचं एक पान जेवढं जाड, साधारण तेवढी. इतक्या पातळ वस्तूतून थोडा उजेड आरपार जातोच. जो आरपार येतो तो तपकिरी. म्हणजे केसातला मूळ रंगपदार्थ दाट तपकिरी आहे, आणि डोक्यावर लाखभर केस एकावर एक असले की तोच काळा दिसतो.

चहाचं उदाहरण घ्या. दूध न घातलेला चहा काचेच्या ग्लासात लालसर तपकिरी दिसतो. तोच चहा खोल पातेल्यात, वरून पाहिला तर काळा. पातेल्यात वेगळी पूड टाकलेली नसते, फक्त उजेडाला पार करायचं अंतर वाढलेलं असतं. समजुतीसाठी आकडे धरू. समजा एका केसातून तांबड्या उजेडाच्या शंभर भागांपैकी ४० पलीकडे जातात आणि निळ्याच्या शंभरापैकी १०. पहिल्या केसामागे दुसरा केस ठेवला की तांबडे उरले १६, निळा १. तिसऱ्यानंतर तांबडे सहाच्या आसपास, निळा एक दशांश. पाचव्या केसापर्यंत तांबडासुद्धा शंभरात एकावर येतो आणि निळा हिशेबात धरण्यासारखा राहत नाही. आणि हा उजेड नुसता आत जाऊन भागत नाही, तुमच्या डोळ्यांपर्यंत येण्यासाठी त्याला परत बाहेर यायचं असतं, त्याच गर्दीतून. वाटेत बहुतेक सगळा संपतो. जिथून उजेडाचं काहीच परत येत नाही, त्याला आपण काळं म्हणतो.

आता दुकान आणि ऊन. ट्यूबलाइटच्या दुकानात उजेड असतो तीनशे-पाचशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). भर दुपारच्या थेट उन्हात तोच आकडा लाखाच्या घरात जातो, म्हणजे दोनशे पटींहून जास्त. शंभरातला एक भाग तांबडा उजेड परत येत असेल तर दुकानात तो एक भाग इतका क्षीण की डोळा त्याची दखलच घेत नाही. उन्हात त्याच एका भागाची ताकद डोळ्यात भरण्याइतकी होते. त्यातून ट्यूबलाइटच्या उजेडात तांबड्याचा वाटा तसाही उन्हापेक्षा कमी. गंगावन नायलॉनचं होतं. त्यात घातलेला काळा रंग तांबडा उजेडही तितक्याच जोरात गिळतो, म्हणून ऊन कितीही पडो, त्याच्या कडा तांबूस होत नाहीत. एका उजेडात जुळणाऱ्या आणि दुसऱ्या उजेडात फुटणाऱ्या अशा जोड्या कापडवाल्यांना रोज भेटतात. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेऊन बायका उंबऱ्यापर्यंत येतात त्या उगीच नाही.

केसाच्या आत बघायचं तर आडवा काप डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात बाहेर खवल्यांचं आवरण, पारदर्शक, रंग नसलेलं. त्याच्या आत केसाचा मुख्य गाभा, केराटिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी भरलेला. कधी कधी अगदी मध्यभागी पोकळसर नळी असते, बारीक केसांत ती नसतेही. रंग असतो तो या गाभ्यात, आणि तोसुद्धा विरघळलेला नाही. लांबट दाण्यांच्या रूपात विखुरलेला असतो. एक दाणा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून थोडा लहान. केराटिन स्वतः काचेसारखं, किंचित पिवळसर. भाताच्या शितांत काळे तीळ मिसळावेत तसे हे दाणे त्यात पेरलेले असतात, आणि काळ्या केसांत ते बाहेरच्या कडेला जास्त दाट असतात. वजनाच्या मानानं बघाल तर गंमत वाटेल. शंभर ग्रॅम काळ्या केसांत हा रंगपदार्थ दोन-तीन ग्रॅमच्या आसपास. बाकी सगळं प्रथिन आणि थोडं पाणी.

या पदार्थाचं नाव मेलॅनिन. कातडीला सावळेपणा देतं तेच. त्याचे दोन प्रकार. युमेलॅनिन तपकिरी ते काळपट, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. काळ्या केसांत जवळजवळ सगळं युमेलॅनिनच असतं. लालभडक केसांच्या युरोपीय माणसात फिओमेलॅनिनचा वाटा मोठा असतो. सोनेरी केसांत मात्र वेगळाच कुठला सोनेरी पदार्थ नसतो. मेलॅनिन मुळात थोडं, दाणे लहान आणि विरळ. काळे, तपकिरी आणि सोनेरी या तिघांतला फरक बराचसा प्रमाणाचा आहे. चहा तोच, कुणाचा कडक, कुणाचा पाणचट.

युमेलॅनिन खरोखर तपकिरी आहे याचा पुरावा समुद्रात मिळतो. कारवार-गोव्याकडून मासळी येते त्यात माकूळ असतं. त्याच्याच कुळातल्या कटलफिशच्या पोटात शाईची पिशवी असते आणि ती शाई म्हणजे युमेलॅनिनच. पिशवीत काळीभोर. युरोपातले चित्रकार ती पाण्यात पातळ करून कागदावर ओढायचे तेव्हा उमटायचा तो तपकिरी रंग. त्या प्राण्याच्या नावावरूनच त्या रंगाला सेपिया म्हणतात. आजोबांच्या जुन्या तपकिरी फोटोला आपण सेपिया म्हणतो, त्या फोटोत शाई नसते, पण नाव तिथून आलं. दाट असताना काळी, पसरली की तपकिरी: भाचीचा केस खिडकीशी धरला तेव्हा मी हेच पाहिलं होतं.

आणि मेलॅनिन एवढा सगळा उजेड गिळतं कसं? बहुतेक रंगद्रव्यांची एक ठरलेली रचना असते आणि ती उजेडाचा एखादा ठरावीक पट्टा शोषतात. हळद निळा-जांभळा उजेड शोषते, उरलेला पिवळा दिसतो. मेलॅनिनची रचना अशी एकसाची नसते. लहानमोठे तुकडे कसेही जोडलेले, एकमेकांवर रचलेले, प्रत्येकाची भूक थोडी वेगळी. हे सगळे एकत्र आले की पूर्ण पट्टाच गिळला जातो. मात्र भूक सगळीकडे सारखी नसते. अतिनील आणि निळ्याकडे जास्त, तांबड्याकडे उतरत जाणारी. म्हणून शेवटी उरलाच तर तांबडा-नारिंगी उरतो, आणि मंद नारिंगीला आपला डोळा तपकिरी म्हणतो. (इंद्रधनुष्यात तपकिरी शोधून सापडत नाही त्याचं कारण हेच.) गिळलेला उजेड उष्णता होऊन बाहेर पडतो. एप्रिलच्या दुपारी बसस्टॉपवर उभं राहून डोक्याला हात लावा, कळेल.

हे दाणे तयार होतात केसाच्या मुळाशी, कातडीच्या आत. तिथं मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल घेऊन, टायरोसिनेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं त्या मेलॅनिन बनवतात, दाण्यांत भरतात आणि वाढणाऱ्या केसाच्या पेशींना देऊन टाकतात. अवघड वाटत असेल तर स्वयंपाकघरात जा. बेळगावी बटाटा चिरून ताटात ठेवा आणि विसरा. थोड्या वेळानं फोडी आधी गुलाबीसर, मग तपकिरी, मग काळपट होतात. बटाट्यातसुद्धा टायरोसिन असतं, त्याच जातीचं विकर असतं, आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की तीच साखळी सुरू होते. फोडी पाण्यात ठेवल्या की हवा तुटते, काम मंदावतं. या विकराला तांबं लागतं. तांबं कमी पडलं तर काय होतं ते गुरं पाळणाऱ्यांना ठाऊक असतं: काळ्या जनावराचा कोट फिकट, गंजल्यासारखा होतो, डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी कडी दिसतात.

कातडीबाहेर आलेला केस मेलेला असतो. त्यात पेशी जिवंत नाहीत, रक्त नाही, नस नाही. म्हणून बाहेरून काहीही चोळलं तरी त्यात नवं मेलॅनिन तयार होत नाही. "या तेलानं केस मुळापासून काळे होतात" असं सांगणाऱ्या माणसाला मी आता शांतपणे ऐकून घेते आणि पुढं जाते. तेलानं केस जास्त काळे दिसतात मात्र नक्की. त्याचं कारण मेलॅनिनमध्ये नाही, वरच्या खवल्यांत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात रंजक भाग तोच.

खानापूर बाजूची जुनी घरं आठवा, मंगळूरी कौलांची. कौलं एकमेकांवर चढवलेली, आढ्याकडून पाघोळीकडं उतरती. केसाचे खवले हुबेहूब तसे असतात. मूळ म्हणजे आढं, टोक म्हणजे पाघोळी. पाच ते दहा थर एकमेकांवर. म्हणून केस मुळाकडून टोकाकडे चिमटीतून ओढला तर गुळगुळीत लागतो, उलटा ओढला तर खरखरतो.

या कौलांवर उजेड पडला की पहिली गोष्ट घडते ती अशी: त्यातला थोडा भाग आत न जाताच परततो. सरळ पडलेल्या उजेडाचा हा भाग पाच टक्क्यांच्या आसपास. खिडकीच्या काचेचा एक पृष्ठभाग साधारण एवढाच परतवतो. हा परतलेला उजेड मेलॅनिनपर्यंत गेलेलाच नसतो, त्यामुळे त्याला केसाचा रंग लागत नाही. पांढरा आला, पांढराच गेला. केसांवर जी झळाळी दिसते ती ही. निळं आभाळ वर असेल तर तीत निळसर छटा येते, आणि आपण म्हणतो काय निळेकाळे केस आहेत! ते आभाळ असतं.

दुसरी झळाळीही असते. काही उजेड आत शिरतो, केसाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटतो आणि परत बाहेर येतो. हा गाभ्यातून दोनदा गेलेला, म्हणून केसाच्या रंगात भिजलेला. कौलांच्या उतारामुळे, जो अवघा तीनेक अंशांचा असतो, या दोन झळाळ्या एकाच जागी पडत नाहीत. एक मुळाकडे सरकते, एक टोकाकडे. सोनेरी केसांत दुसरी झळाळी ठसठशीत दिसते. काळ्या केसांत ती वाटेतच गिळली जाते आणि पहिली, पांढरी तेवढी उरते. संगणकावर माणसाचे केस काढायचे तर ते खरे का वाटत नाहीत, यावर डोकं लावणाऱ्या स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा हिशेब नीट मांडला. अ‍ॅनिमेशनच्या चित्रपटांतल्या बायकांचे केस त्यानंतर प्लास्टिकसारखे दिसायचे कमी झाले.

तर झळाळीचा आणि काळेपणाचा संबंध काय? केस विंचरलेले, एका दिशेनं बसलेले असले की सगळी कौलं एकाच कोनात असतात. मग तो पाच टक्के पांढरा उजेड एकाच पट्ट्यात गोळा होतो. पट्टा चकाकतो, आणि पट्ट्याबाहेरच्या भागातून डोळ्याकडे काहीच येत नाही, म्हणून तो भाग गडद काळा. एका बाजूला लखलखीत पांढरं, शेजारी काळं. डोळा तुलनेनं बघतो, त्याला काळं आणखी काळं वाटतं. आता केस कोरडे, पिंजारलेले, कौलं उचकटलेली असं बघा. तोच पाच टक्के उजेड सगळ्या दिशांना उधळतो. कुठंच चकाकी नाही, आणि सगळीकडे थोडा थोडा पांढरेपणा सांडलेला. काळ्या पाटीवर खडूचा हात फिरल्यासारखं. केसातलं मेलॅनिन तेवढंच, पण बाई म्हणते, "माझे केस भुरे पडायला लागलेत."

तेल या उचकटलेल्या कौलांच्या फटी भरतं आणि केसांना एकमेकांना चिकटवतं. हवेतून केसात शिरताना उजेडाला मोठा अडथळा असतो, तेलातून शिरताना तो फार कमी होतो, कारण खोबरेल तेल आणि केराटिन उजेड जवळपास सारखाच वाकवतात. उधळणारे पृष्ठभाग कमी झाले, जास्त उजेड आत गेला, आत मेलॅनिन आहेच. पाण्यानंही हेच होतं. आपल्या जिल्ह्यात हे समजावायला वेगळं उदाहरण लागत नाही. पश्चिमेला खानापूरकडची तांबडी माती, पूर्वेला सौंदत्तीकडची काळी. वळवाचा पहिला पाऊस पडला की दोन्ही माती दोन छटांनी गडद होतात, वाळल्या की परत फिकट. मातीत रंग मिसळलेला नसतो. कणांमधली हवा जाऊन तिथं पाणी आलेलं असतं. बेळगावच्या पावसात चार महिने केस वाळत नाहीत म्हणून आम्ही कुरकुरतो, पण त्या चार महिन्यांत सगळ्यांचे केस जास्त काळे दिसतात हे खरं आहे.

ऊन याच्या उलट काम करतं. अतिनील किरणांनी मेलॅनिनची मोडतोड होते आणि केस मेलेला असल्यामुळे मोडलेलं दुरुस्त होत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन फुटांच्या वेणीचं टोक पाच वर्षांचं असतं, पाच उन्हाळे पाहिलेलं. मुळाशी काळा आणि टोकाला तांबूस दिसतो तो याच हिशेबानं. उन्हातान्हात गुरांमागं हिंडणाऱ्या पोरांचे केस पिंगट होतात, म्हशीच्या पाठीवरचे केस उन्हाळ्यात तांबूस दिसतात, तेही बरचसं याच कारणानं. मात्र लहान मुलाचे केस विरळ, ठिसूळ आणि तांबूस-फिकट झाले असतील, शिवाय पाय सुजलेले आणि पोर मलूल असेल, तर तो आहारात प्रथिनं कमी पडल्याचा इशारा असू शकतो. आहार सुधारला की पुढचा केस काळा येतो आणि एकाच केसावर फिकट-काळे पट्टे दिसतात. डॉक्टर त्याला निशाणाची खूण म्हणतात. खेळतं-खातं, अंगानं भरलेलं पोर पिंगट केसांचं असेल तर ते आजोळावर गेलेलं असेल, त्याला औषध नको.

सौंदत्तीचं नाव आलं म्हणून जटेबद्दल दोन वाक्यं. आपल्या भागात केसांत जट धरली की ती तिथल्या यल्लम्मा देवीनं दिली असं म्हणायची रीत होती, आणि त्यापायी मुली देवीला सोडल्या जात. १९८२ मध्ये कर्नाटकानं त्याविरुद्ध कायदा केला. जट म्हणजे न विंचरलेले, मळ आणि तेलाच्या राबानं एकमेकांत घट्ट बसलेले केस. कौलं एकमेकांत अडकली की ती आपणहून सुटत नाहीत. ती तांबूस, राखाडी दिसते ती वर्षानुवर्षांचं ऊन, धूळ आणि झळाळी गेल्यामुळे. कात्रीनं कापली तर खालून येणारा केस इतर केसांसारखाच काळा येतो.

जगभर बघितलं तर काळे केसच जास्त. आशिया, आफ्रिका, अमेरिकेतले मूळ रहिवासी, सगळीकडे. लाल केस बहुतेक वेळा एमसी१आर नावाच्या जनुकातल्या बदलांनी येतात; हे जनुक पेशीला युमेलॅनिन बनवायचं की फिओमेलॅनिन हे सांगतं. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर काळ्या कातडीची आणि सोनेरी केसांची मुलं दिसतात. लोकांना वाटायचं गोऱ्या खलाशांची कृपा. २०१२ मध्ये कळलं की तिथं टीवायआरपी१ नावाच्या जनुकात वेगळाच बदल झालेला आहे आणि त्याचा युरोपाशी संबंध नाही.

आता कलप. १९०७ च्या सुमारास पॅरिसमध्ये यूजीन शूलर नावाच्या रसायनतज्ज्ञानं केसांचा कृत्रिम रंग बनवून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली, त्याच्या कंपनीचं नाव पुढं लॉरियल झालं. आजच्या बहुतेक काळ्या कलपात पॅराफेनिलिनडायअमिन असतं, थोडक्यात पीपीडी. त्याचे लहान, रंगहीन रेणू हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर केसात शिरतात आणि आत एकमेकांना जोडून मोठे, काळे होतात; मोठे झाल्यावर बाहेर पडता येत नाही. काम उत्तम, पण हा रंग मुळापासून टोकापर्यंत, या केसात आणि त्या केसात, एकसारखा बसतो. खऱ्या डोक्यावर प्रत्येक केस थोडा वेगळा असतो. कलप लावलेलं डोकं लांबून ओळखू येतं ते या सारखेपणामुळं, आणि उन्हात कडा तांबूस होत नाहीत म्हणून. गंगावनाचीच गोष्ट. म्हणूनच पन्नाशीच्या माणसाला चांगला सलूनवाला "काळा नको, गडद तपकिरी घ्या" म्हणतो. त्याचं ऐकावं.

मेंदीचा रंग मुळात नारिंगी-तांबडा, तो केराटिनला चिकटतो. नुसत्या मेंदीनं पांढरा केस काळा होत नाही. म्हणून "काळी मेंदी" म्हणून पुडी मिळते तिच्यात बहुधा पीपीडीच असतं. ती नैसर्गिक समजून बेधडक लावू नका. कानामागं थोडी लावून दोन दिवस थांबा, खाज-सूज आली तर तो नाद सोडा. माझ्या ओळखीतल्या एकीचे डोळे लग्नाच्या आदल्या दिवशी सुजून बंद झाले होते. आवळा लोखंडी कढईत रात्रभर भिजवायची आज्जीची पद्धत मात्र खरी रसायनविद्या आहे. आवळ्यातले तुरट पदार्थ आणि लोखंड मिळून काळा रंग होतो, जुन्या काळची दौतीतली शाई त्याच तत्त्वावर व्हायची. तो केसांवर बसतो, आत जात नाही, म्हणून धुतला की हळूहळू जातो.

केस पिकतात ते मुळाशी रंग देणाऱ्या पेशी संपतात म्हणून. या पेशींचा एक राखीव साठा केसाच्या मुळाजवळ असतो, दर नव्या केसाला त्यातून भरती होते. साठा संपला की पुढचा केस बिनरंगाचा. ताणानं केस पिकतात ही समजूत अगदीच खोटी नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांत दाखवलं की तीव्र ताणात नसांतून सुटणारं रसायन हा साठा झपाट्यानं संपवतं. पण रातोरात काळ्याचा पांढरा होत नाही, कारण बाहेर आलेला केस मेलेला आहे, त्याचं मेलॅनिन जाणार कुठं? एक पांढरा उपटला की दहा येतात हेही खोटं, एका मुळातून एकच केस येतो. ऐन विशीतच केस पिकू लागले तर बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

पिकलेल्या केसात पांढरा रंग नसतो. तो पारदर्शक असतो, मीठ-साखरेच्या खड्यासारखा, आणि पृष्ठभागांवरून उधळलेल्या उजेडानं पांढरा दिसतो. हे मला आत्याला पटवायचं होतं. तिचा एक पांढरा केस घेतला, भाचीच्या काळ्याशेजारी त्याच कागदावर चिकटवला, आणि दोन्हींवर खोबरेल तेलाचा एक एक थेंब सोडला. काळा आणखी काळा झाला. आत्यानं कागद खिडकीशी नेला, तिरका केला, चष्मा वर सरकवला, बोटानं चाचपून बघितलं.

"हाय का पडला गं?" तिनं विचारलं.